मौजेच्या मासेमारीला नको म्हणणारं बूगी : किंग गिझर्डचं 'फिशिंग फॉर फिशीज'

निळी_तार (धागाकर्ता)

'किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड' या मेलबर्नच्या बँडचं नाव निघालं की बोलणं त्यांच्या थ्रॅश मेटलवर (वेगवान, दणदणीत रॉक) नाहीतर मायक्रोटोनल, म्हणजे नेहमीच्या सुरांच्या मधले सूर काढणाऱ्या गिटारींवर जातं. मला त्यांच्या एका साध्या, डुलत चालणाऱ्या बूगी गाण्याबद्दल लिहायचं आहे. बूगी म्हणजे ब्लूजमधून आलेला झुलता, नाचरा प्रकार. 'फिशिंग फॉर फिशीज', २६ एप्रिल २०१९ ला आलेल्या त्याच नावाच्या आल्बमचं पहिलं गाणं. आशय अगदी थोडका : मौजेखातर मासे धरणं माशांना सुखाचं नाही, मलाही नाही, मला त्यांची कीव येते, त्यांना पोहू द्या. कत्तलखान्यावर, फरच्या कोटांवर, प्रयोगशाळांवर रागाने लिहिलेली रॉक गाणी बरीच आहेत. सुट्टीच्या दिवशी घडीची खुर्ची आणि आमिषाचा डबा घेऊन पाण्याकाठी बसणाऱ्या भल्या माणसाला उद्देशून लिहिलेलं गाणं फार क्वचित सापडतं.

हे गाणं कसं घडलं ते समजायला त्याआधीची दोन वर्षं बघावी लागतात. २०१७ मध्ये या बँडने एका वर्षात पाच आल्बम काढले. त्यांतला 'पॉलिगोंडवानालँड' तर मूळ ध्वनिमुद्रणासह लोकांना फुकट देऊन टाकला, ज्याला हवं त्याने छापावा म्हणून. २०१८ मध्ये एकही नवा आल्बम आला नाही. आणि मग २०१९ मध्ये दोन : एप्रिलमध्ये हा, ऑगस्टमध्ये 'इन्फेस्ट द रॅट्स नेस्ट'. दुसरा पूर्ण थ्रॅश, जळती पृथ्वी आणि मंगळावर पळणारे श्रीमंत. त्यामुळे समीक्षकांनी सोयीची वाटणी केली, एप्रिलचा आल्बम गमतीचा आणि ऑगस्टचा गंभीर. मला ही वाटणी मुळीच पटत नाही. एप्रिलच्या आल्बममध्येही प्लास्टिकवर 'प्लास्टिक बूगी' आहे, पक्ष्याच्या जगण्यावर 'द बर्ड साँग' आहे. काळजी तीच आहे, आवाज तेवढा चढवलेला नाही.

बँडचा गायक-गिटारवादक स्टू मॅकेन्झीने आल्बम आला तेव्हा सांगितलं होतं की त्यांना ब्लूजचा आल्बम करायचा होता, बूगी-शफल पद्धतीचा, पण गाणी ऐकेनात. शेवटी त्यांनी गाण्यांनाच पुढे होऊ दिलं. हे आल्बममध्ये क्रमाने ऐकू येतं. सुरुवात गिटार, पियानो आणि माउथऑर्गनच्या मातकट आवाजाने होते आणि नवव्या गाण्यावर, म्हणजे शेवट, 'सायबूगी' या पूर्ण सिंथेसायझरच्या गाण्यावर होतो, जिथे माणसाचा आवाजसुद्धा यंत्रातून येतो. पहिलं गाणं मूळ बेताच्या सगळ्यांत जवळ राहिलेलं आहे. ते बंड करून दुसरीकडे गेलं नाही, आणि माझ्या मते ते बरं झालं.

कारण हे बूगी त्यांच्या घरचं आहे. माउथऑर्गन वाजवणारा अँब्रोज केनी-स्मिथ हा ब्रॉडरिक स्मिथचा मुलगा. ब्रॉडरिक स्मिथ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'कार्सन' या ऑस्ट्रेलियन ब्लूज-बूगी बँडमध्ये गायचा आणि माउथऑर्गन वाजवायचा, पुढे 'द डिंगोज'मध्ये गेला. कार्सनचा 'ऑन द एअर' हा आल्बम १९७३ च्या ऑस्ट्रेलियातल्या सनबरी संगीत महोत्सवात थेट ध्वनिमुद्रित झालेला आहे. त्या काळातलं ऑस्ट्रेलियन बूगी म्हणजे मोठे अँप्लिफायर, बिअर, उघड्या माळावरची गर्दी, पुरुषी दणका. २०१३ च्या 'आईज लाइक द स्काय' या किंग गिझर्डच्या आल्बममध्ये निवेदनाचा आवाज ब्रॉडरिकचाच आहे, म्हणजे वडिलांची पिढी या बँडच्या आत प्रत्यक्ष येऊन गेलेली आहे. त्याच पिढीचा साज मुलाच्या बँडने घेतला आणि त्यात माशाची दया भरली.

आणखी एक धागा मागे अमेरिकेत जातो. हेन्री थॉमसचं 'फिशिंग ब्लूज' १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झालं, नंतर ताज महाल या अमेरिकन ब्लूज गायकाने ते घरोघरी पोचवलं. त्यात गळ, काठी आणि मासा हे निखळ आनंदाचे विषय आहेत. बँडने त्याला उत्तर म्हणून हे लिहिलं असा माझा दावा नाही. पण ज्या संगीतात मासे धरणं म्हणजे सुखी माणसाची दुपार, त्याच संगीताच्या तालावर "नको" म्हटलेलं ऐकताना मला फार भिडतं.

आता हे गाणं कुणापुढे गायलं गेलं ते बघा. २०००-०१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ऑस्ट्रेलियात वर्षभरात सुमारे ३३.६ लाख लोकांनी हौसेने मासेमारी केली होती, लोकसंख्येच्या १९.५ टक्के. दर पाचातला एक! बँडमधले अनेक जण मेलबर्नजवळच्या जिलाँगच्या परिसरात, समुद्राकाठी वाढलेले. समोरच्या गर्दीत, स्वतःच्या नात्यागोत्यात गळ टाकणारे असणारच. त्यांना खुनी म्हणून मोकळं होता आलं असतं. बँडने तसं केलं नाही. बोलांत रक्त नाही, फाटलेला जबडा नाही, एक शिवी नाही. एक माणूस आपल्या माणसांना सांगतो की मला यात मजा वाटत नाही.

"माशाला कुठे कळतं दुखतं ते?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठांत मधमाशीचं विष किंवा अॅसेटिक आम्ल टोचलेले मासे श्वास जोराने घेत होते, अंग डुलवत होते, आम्ल टोचलेले तर ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले मासे साधारण दीड तासात खायला लागले, विष किंवा आम्ल टोचलेल्यांना सुमारे तीन तास लागले. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ अजूनही म्हणतात की माशाच्या मेंदूत वेदनेची जाणीव होण्याची रचनाच नाही. वाद संपलेला नाही. पण ज्या ओठात गरी, म्हणजे गळाचा आकडा, रुततो तिथेच हे तंतू आहेत, आणि शंकेचा फायदा माशाला द्यायचा की आपल्या करमणुकीला, हे आपल्याच हातात आहे. मी तो माशाला देतो.

तिस्र_लय

सुंदर लेख. वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. शफल म्हणजे आपल्या भाषेत मात्रेची तिस्र जाती. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. त्यामुळे ठेका लंगडत, झुलत पुढे जातो. सरळ आठच्या रॉक ठेक्यावर हेच बोल ठेवले तर घोषणा होईल. शफलवर घोषणा देताच येत नाही, शब्द आपोआप बोलल्यासारखे पडतात.

तेव्हा बँडमध्ये सात जण होते, दोन ड्रमर धरून : मायकल कॅव्हनॉ आणि एरिक मूर. मूर २०२० मध्ये बाहेर पडला. दोन ड्रमरवाल्या बँडने एवढं हलकं वाजवणं ही शिस्तीची गोष्ट आहे. दणका द्यायची ताकद हाताशी असून राखून ठेवलेली जाणवते. गाणाऱ्याचा आवाजही मुद्दाम हवेशीर ठेवलाय, छातीतून काढलेला नाही. बूगीत गायक सहसा दणदणीत गातो. इथे तसा गायला असता तर कीव खोटी वाटली असती.

गरी_आणि_दोर

आमचं घर मालवणच्या बाजूचं. आजोबा रापणीला जायचे, वडील होडी चालवायचे आणि आम्ही पोरं खडपावर बसून गरवायचो, म्हणजे गळाने मासे धरायचो. गरवणं हे आमच्याकडे खेळ आणि कालवण दोन्ही होतं. तांबोशी लागली तर घरात सण, आणि लागलेला मासा परत सोडायचा हा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात यायचा नाही.

म्हणून मला असली गाणी ऐकताना धास्ती वाटते. शहरातला माणूस आधी म्हणतो मौजेची मासेमारी नको, मग म्हणतो मासेमारीच नको. १ जून ते ३१ जुलै बंदी आम्ही पाळतो. त्या दिवसांत घर कसं चालतं ते गाणी लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग दर्यात जाणारी माणसं आम्ही. आम्हाला माशाबद्दल काही वाटत नाही असं कुणी समजू नये.

निळी_तार

गरी_आणि_दोर, तुमची धास्ती मी हलकी मानत नाही. गाणं मी अनेकदा ऐकलंय आणि त्यात पोटासाठी मासे धरणाऱ्यावर एक अक्षर नाही. तुमच्या खडपावरच्या गरवण्यालाही मी त्यात धरणार नाही, कारण तो मासा घरी शिजत होता. माझा आक्षेप गरजेशिवायच्या झुंजीला आहे, जिथे माशाची धडपड हीच करमणूक असते. मासा जितका जास्त झगडेल तितका तो खेळात "चांगला" ठरतो. तुमच्या आजोबांनी मासा जास्त वेळ तडफडावा म्हणून कधी दोर ढिला सोडला नसेल.

महसीर_मित्र

मी गळाची मासेमारी करतो, धरून सोडतो, आणि या धाग्यावर मुद्दाम लिहितोय, कारण आमची बाजू क्वचितच नीट मांडली जाते.

कावेरीवर भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डमकली इथे मासेमारीचे कॅम्प होते. तिथे महसीर हा नदीतला मोठा मासा धरून सोडायचा असा नियम होता. नदीत सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर लक्ष ठेवायला याच कॅम्पची माणसं होती, आणि त्यांतले कित्येक पूर्वी स्वतः चोरटी मासेमारी करणारे. गलीबोरेच्या मासेमारांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ठेवल्या : २३,६२० तास, ६,१६१ महसीर. त्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांना कळलं की कुबड असलेला मोठा महसीर संपत चाललाय. त्याला शास्त्रीय नाव नक्की मिळालं २०१८ मध्ये, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आम्ही गळ टाकला नसता तर हा मासा कुणाच्या लक्षात न येता गेला असता. वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन कॅम्प बंद झाले, मग नदीवर नजर कुणाची राहिली?

गाणं ऐकलं. चाल छान आहे. पण नदीवर प्रेम करणाऱ्यांत गळ टाकणारे सगळ्यांत पुढे असतात हे त्या गाण्याला माहीत नाही.

डोहातला

महसीर_मित्र, नोंदींबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याच नोंदींनी आणखी एक गोष्ट दाखवली. कुबडवाला महसीर घटत असताना निळ्या परांचा महसीर, टॉर खुद्री, वाढत होता, आणि तो कावेरीचा मूळचा नाही. तो बाहेरून सोडलेला. टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण तलावावरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात आणि तिथून ती देशात अनेक नद्यांत गेली. हेतू संवर्धनाचा होता, खेळासाठी मासा भरपूर व्हावा हाही होता. नदीत कोणता मासा असावा हे गळाच्या आवडीवर ठरायला लागलं की असं होतं. कावेरीच्या स्वतःच्या माशाने त्याची किंमत दिली.

दुसरं, धरून सोडण्याबद्दल. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतल्या २७४ नोंदी एकत्र केल्या. सोडलेल्या माशांत मरणाचं सरासरी प्रमाण १८ टक्के निघालं. काही जातींत जवळपास शून्य, काहींत फार मोठं. गरी ओठात लागला तर मासा बहुधा जगतो. तो घशात किंवा आतड्यात गेला, पाणी गरम असलं किंवा मासा खोलातून झपाट्याने वर ओढला गेला, तर वाचणं कठीण. खोलातून वर येताना हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. सोडल्यावर तो पोहत गेला एवढंच आपण बघतो. त्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघायला तिथे कुणी नसतं.

कुक आणि काउक्स यांचा २००४ चा अंदाज असा की जगभरात हौशी मासेमार वर्षाला ४७ अब्जांपर्यंत मासे धरतात आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश सोडतात. त्या सोडलेल्यांत मरणारे अगदी कमी धरले तरी आकडा कुठे जातो ते बघा.

स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या इराद्याने मासे धरायलाच बंदी आहे. धरायचा तर खाण्यासाठी. म्हणजे कायद्याने गरी_आणि_दोर यांच्या खडपावरच्या पोरांची बाजू घेतली आणि सोडणाऱ्याची घेतली नाही. मला हा विचार करायला लावणारा निर्णय वाटतो.

यारा_काठ

मेलबर्नहून लिहितेय. इथे हे गाणं कुठल्या हवेत आलं ते सांगते, कारण त्याशिवाय त्याचं धाडस कळणार नाही.

व्हिक्टोरिया राज्यात हौशी मासेमारी ही सरकारी धोरणाची गोष्ट आहे. दहा लाख लोकांनी मासेमारी करावी असं उद्दिष्ट ठेवून 'टार्गेट वन मिलियन' नावाची योजना सरकारने राबवली. परवान्याच्या पैशातून घाट, धक्के, बोटी उतरवायच्या जागा बांधल्या जातात. रेनबो ट्राउट, वर लेखात ज्याच्या ओठांबद्दल लिहिलंय तोच, इथला मूळचा नाही. तरी दर वर्षी तलावांत सोडला जातो, लोकांनी तो पकडावा म्हणून. आणि पोर्ट फिलिपच्या उपसागरातली व्यावसायिक जाळी टप्प्याटप्प्याने बंद केली गेली, २०२२ पर्यंत. गरी_आणि_दोर, हे तुमच्यासाठी लिहितेय. इथे पोटासाठी जाळं टाकणारा बाहेर गेला आणि हौसेचा गळ राहिला. जिलाँगचा कोरिओ उपसागर त्याच पाण्याचा भाग. तुमची धास्ती खरी आहे, पण इथे ती माशांची दया करणाऱ्यांमुळे खरी ठरली नाही.

याच २०१९ सालची आणखी एक गोष्ट. इथे याबी नावाचे गोड्या पाण्यातले शेवंडीच्या जातीचे जीव धरायला घुमटाकार बंद सापळे वापरायचे. त्यांत प्लॅटिपस शिरायचे आणि वर येऊन श्वास घेता न आल्याने बुडून मरायचे. हौसेसाठी लावलेल्या सापळ्यात एकाच वेळी अनेक प्लॅटिपस मेलेले सापडले आहेत. १ जुलै २०१९ पासून व्हिक्टोरियात हे सापळे पूर्ण बंद झाले. गाण्यामुळे नव्हे, अनेक वर्षांच्या पाठपुराव्याने. पण त्या वर्षी या विषयावर बोलणं हवेत होतं.

माझी मुलगी शाळेच्या मैत्रिणींबरोबर धक्क्यावर मासे धरायला गेली होती. एक छोटा फ्लॅटहेड तिच्या गळाला लागला आणि गरी काढता येईना. ती घरी येऊन गप्प बसली. मी तिला हे गाणं ऐकवलं. तिने ते पुन्हा लावलं आणि म्हणाली, "आई, हे रागावत नाहीयेत." तिला जे हवं होतं ते त्यात होतं. नंतर ती मासेमारीला गेली नाही, मैत्रिणींशी भांडलीही नाही.

गरी_आणि_दोर

यारा_काठ, जाळी बंद करून गळ ठेवले हे वाचून संताप आला. हे इथे व्हायला वेळ लागणार नाही. पर्यटकांना होडीतून गरवायला नेणं आमच्याकडेही वाढतंय, आणि आमचीच पोरं नेतात, कारण त्यात पैसा आहे. त्यांना नको कसं म्हणू? पण होडीत बसलेला पर्यटक मासा लागला की फोटो काढून तो तसाच फळीवर टाकतो, ते बघवत नाही. आमच्यात धरलेला मासा वाया घालवणं पाप समजतात. या बाबतीत तुमच्या बँडचं आणि माझं पटेल.

आणि हो, ऑस्ट्रेलियात ज्या बारामुंडीसाठी लोक विमानाने उत्तरेला जातात म्हणे, तो म्हणजे रायगडातला जिताडाच. रेवस-पेणच्या बाजूला खाचरात जिताडे पाळतात. पाहुण्यासाठी राखून ठेवतात.

शांत_पाणी

आपल्या अभंगांत पाण्याबाहेर तळमळणारी मासोळी जागोजागी येते, पण तिथे ती भक्ताच्या विरहासाठी येते. तळमळ खरी आहे हे संतांनी गृहीतच धरलं आहे, त्यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. इथे मेलबर्नची सात मुलं त्या तळमळीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखतात. मला रॉकमधलं फारसं कळत नाही, पण हा लेख वाचून गाणं ऐकलं आणि डोळे भरून आले.

महसीर_मित्र

डोहातला, खुद्रीबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि आमच्या मंडळींत ते बोललं जात नाही हेही खरं. तरी मी गळ टाकणं सोडणार नाही. बिनकाट्याचा गरी वापरतो, मासा पाण्याबाहेर उचलत नाही, उन्हाळ्यात जात नाही. नदीपासून माणसाला पूर्ण तोडलं तर तिची बाजू कोण घेणार, हा माझा प्रश्न उभाच आहे.

निळी_तार

महसीर_मित्र, तो प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की नदीशी नातं जोडायला माशाच्या तोंडात लोखंड अडकवावंच लागतं असं नाही. पाणमांजरं मोजणारे, नदीकाठी चालणारे, पाण्याचे नमुने घेणारे लोकही नदीवर नजर ठेवतात. कॅम्पच्या माणसांना तशी कामं आणि तसा पगार मिळाला असता तर सुरुंगवाल्यांवरची नजर हटली नसती. तो पैसा कुणी उभा केला नाही, हा दोष मासा वाचवू पाहणाऱ्यांच्या पदरात पडतो, आणि तो मी मान्य करतो. पण म्हणून मासा खेळणं होत नाही.

गाणं कुठे ऐकायचं असं दोघांनी विचारलं म्हणून : स्पॉटिफायवर शोधू नका, जुलै २०२५ मध्ये बँडने आपलं संगीत तिथून काढून घेतलं. तिथल्या तेव्हाच्या प्रमुखाने लष्करी ड्रोन-तंत्रज्ञानाच्या कंपनीत गुंतवणूक केली म्हणून. बँडकॅम्पवर पूर्ण आल्बम आहे. हेडफोन लावून ऐका आणि पहिल्या गाण्यानंतर थांबू नका, 'प्लास्टिक बूगी'पर्यंत तरी जा. तिस्र_लय, 'सायबूगी'चा ठेका तिस्रच ठेवलाय का त्यांनी, की यंत्राने तो सरळ करून टाकलाय? ऐकून सांगा.